फिरत्या वहीतले हवालदार

नामदेव शिंगट्यांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल लिहिताना कुठं माझा हात आखडलेला दिसला तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कराडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. वाचणारी, विचार करणारी माणसं आजूबाजूच्या गावांत विखुरलेली होती आणि भेटीगाठी वर्षातून एखाद्या वेळी, त्याही कुणाच्या तरी लग्नात. म्हणून मी एक फिरती वही सुरू केली. दोनशे पानांची, लाल कापडी बांधणीची. कराडहून ती साताऱ्याला वकील पानशांकडे जायची, तिथून आष्ट्याला डॉक्टर मगदूमांकडे, मग सांगलीला कुमुद आगटे यांच्याकडे आणि परत माझ्याकडे. कुमुदताई मुलींच्या शाळेत शिकवत. आणखी दोघे-तिघे सभासद होते, पण ते वाचून सही करण्यापलीकडे जात नसत. वही कधी रजिस्टर पोस्टानं जाई, बहुतेकदा ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. प्रत्येकानं चार दिवस ठेवायची, एखादा विषय मांडायचा किंवा आधीच्याला उत्तर द्यायचं आणि पुढं धाडायची. महिन्याभरात एक फेरी पुरी होई.

पहिल्या पानावर मी नऊ नियम लिहिले होते. उत्तरे शेवटच्या मजकुराखाली क्रमाने लिहावीत. मागील पानांवर काही लिहू नये. समास कोरा ठेवावा. विषय सोडून लिहू नये. असे नऊ. ते कुणीही पाळले नाहीत. डॉक्टर मगदूम लाल पेनानं थेट समासात लिहीत, तेही आडवं, आणि "साफ चूक" या दोन शब्दांखाली दोन-दोन रेघा ओढत. पानशे वकिलांची तऱ्हा निराळी. ज्याला उत्तर द्यायचं त्याचा सगळा मजकूर, तीन पानं असली तर तीन पानं, ते कोर्टात नक्कल काढावी तसे पुन्हा उतरवून काढत आणि खाली एक ओळ लिहीत: "मी सहमत नाही." अशानं दोनशे पानांची वही किती दिवस पुरणार? मी नियमांची आठवण करून देणारं टिपण लिहिलं. डॉक्टरांनी त्या टिपणाच्या समासात लिहिलं, "कोण म्हणतो?"

दुसरं वर्ष चालू असताना वही हरवली. सांगलीहून निघाली, कराडला पोचली नाही. आठवडा गेला. मी स्टँडवर चार वेळा जाऊन आलो. मग एका दुपारी कॉलेजात माझ्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. काखेत माझी लाल वही.

"तुमीच का प्राध्यापक?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान किंचित वळवून डावा कान माझ्याकडे केला. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. लष्करात सिग्नलमध्ये हवालदार होते, वायरलेसचा हेडफोन वर्षानुवर्षं त्या कानावर. पण तो कान फिरवून ऐकण्याचा प्रकार असा होता की बोलणाऱ्याला वाटावं, आपलं बोलणं या माणसाला फार मोलाचं आहे. मी बराच काळ ते सगळं बहिरेपणावर ढकललं.

"ही वही तासगाव गाडीत सीटवर पडली हुती," ते म्हणाले. "कुंडलला उतरताना दिसली. आत पत्ता हुता, म्हणून घेऊन आलो. आन् येक गुन्हा झालाय माझ्याकडनं."

"कसला?"

"वाचली. सगळी. आन् वाचून गप बसवंना, म्हणून थोडं लिवलं. पेन्सिलीनं लिवलंय. नको आसंल तर खोडून टाका."

चहाला थांबले नाहीत. ते गेल्यावर मी वही उघडली. त्या फेरीत मी पाच पानांचा लेख लिहिला होता, खेड्यातली मुलं मराठीत नापास का होतात यावर. त्यातलं एकच वाक्य शिंगट्यांनी स्वतःच्या गोल, स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं: "ग्रामीण विद्यार्थ्याला प्रमाण भाषेची गोडी नसते." त्याखाली बोटभर जागा कोरी. मग त्यांचं उत्तर:

"मी चौथीत असताना गुरुजींनी विचारलं, घरी काय करतोस. मी म्हटलं, शेरडं राखतो. गुरुजी म्हणाले, शेरडं म्हणू नये, शेळ्या म्हणावं. मला ते आवडलं. संध्याकाळी घरी आलो आणि आईला म्हटलं, आई, शेळ्या बांधल्या. ती बाहेर आली आणि म्हणाली, कुणाच्या आणल्यास? गोडी होती साहेब. पण आमचीच शेरडं आम्हाला परकी झाली. संपलं."

मी हसलो. मग हसलो म्हणून रागावलो. ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि पहिला शब्द पुसलाही. पुढं हात चालेना. तशीच वही साताऱ्याला रवाना केली.

ती फिरून आली तेव्हा माझ्या पाच पानांबद्दल कुमुदताईंनी हिरव्या शाईत दोन शब्द लिहिले होते: "मुद्देसूद. आभार." आणि पेन्सिलीच्या त्या आठ ओळींना एक पूर्ण पान. शेवटी विचारलं होतं, "हे गृहस्थ कोण? यांना सभासद करून घेता येईल का?" त्याआधी डॉक्टरांनी समासात लिहिलं होतं, "अगदी बरोबर." खाली दोन रेघा. पानशांनी शिंगट्यांचा सगळा मजकूर उतरवून खाली लिहिलं होतं, "मी सहमत आहे." पानशे सहमत झाल्याचं मी पहिल्यांदाच वाचत होतो.

असे शिंगटे वहीत आले. सांगलीनंतर कुंडल आणि मग कराड, असा रस्ता ठरला.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. भावाबरोबर वाट्याचा चार एकर ऊस, आणि संध्याकाळी दोन तास गावचं वाचनालय उघडायचं, एवढा त्यांचा व्याप. पण वही आली की ते एखाद्या ठाण्यावर ड्यूटी असल्यासारखे बसत. हात धुऊन, पाटावर वही ठेवून. ज्याला उत्तर द्यायचं त्याचं एक वाक्य काळ्या शाईत, बोटभर जागा सोडून आपलं म्हणणं निळ्या शाईत, आणि शेवटी "संपलं". एका वेळी एकच विषय. दुसरा विषय सुचला तर पुढच्या फेरीला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, दुसऱ्याचं वाक्य पुन्हा लिहायचा हा खटाटोप कशाला.

"राग आला म्हंजी मी हेच करतो," ते म्हणाले. "त्याचं वाक्य आपल्या हातानं उतरवायचं. काना-मात्रा न चुकवता. लिवता लिवता निम्मा राग उतरतो. आन् निम्म्या येळंला कळतं, की त्यो आपून समजलो तसं म्हणलाच नव्हता."

"आणि उरलेला निम्मा?"

"त्यो मंग खरा राग. त्याला निळी शाई."

दुसरं एक त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. दोघांचं भांडण असेल तर पोस्टकार्ड लिहावं, सगळ्यांचा प्रश्न असेल तर वहीत लिहावं. डॉक्टर आणि पानशे यांचं एकदा वहीत चांगलंच जुंपलं तेव्हा शिंगट्यांनी दोघांनाही कोरं पोस्टकार्ड पाठवून दिलं, कुंडलच्या शिक्क्यासह. दोघंही वरमले.

समासाचा तंटाही त्यांनीच मिटवला. त्यांनी वहीत लिहिलं, "डॉक्टरसाहेब समासात लिहितात ते वाचायला वही आडवी धरावी लागते. आमच्या घरात मी वही आडवी धरली की बायको विचारते, आज कोण भांडतंय." पुढच्या फेरीत डॉक्टर खाली उतरले. सरळ ओळीत लिहू लागले, रेघाही गेल्या. पानशांना शिंगट्यांनी लिहिलं, "वकीलसाहेब, आपण माझं सगळं लिखाण उतरवलंत. अक्षर माझ्याहून देखणं आहे, आभारी आहे. पण त्यातलं नेमकं कुठलं वाक्य आपल्याला बोचलं, ते अजून कळलं नाही." तेव्हापासून पानशे एकच वाक्य उतरवू लागले आणि त्यावर पानभर बोलू लागले. त्यांना बोलण्यासारखं इतकं होतं हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

माझ्या नऊ नियमांनी दीड वर्षात जे झालं नाही ते या माणसानं दोन फेऱ्यांत केलं. सगळेच एक वाक्य उतरवायचे, बोटभर जागा सोडायचे. कुमुदताईंनी तिला नाव दिलं, कुंडलची पद्धत. वही माझी, कल्पना माझी, कापड मी निवडलेलं, आणि पद्धत कुंडलची. मीही ती पाळत होतो. न पाळून सांगतो कुणाला?

वही घरी आली की मी आधी शेवटची पानं उघडायचो. कुणी कुणाला उत्तर दिलंय ते बघायचो. कुमुदताईंची हिरवी शाई माझ्या नावाखाली किती ओळी आहे आणि त्यांच्या नावाखाली किती, हे मी मोजायचो. माझी बायको एकदा म्हणाली, "वही वाचता का निकाल बघता?"

कुमुदताईंबद्दल एवढंच सांगतो की त्यांच्याइतकं नीट वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांनी आपलं वाचावं, आपल्यावर लिहावं, असं मला फार वाटायचं. त्यापलीकडे काही नव्हतं. पण तेवढंच पुष्कळ होतं.

एकदा वहीला उशीर झाला म्हणून मी स्वतः कुंडलला गेलो. दुपारची वेळ. ओसरीवर शिंगटे वही मोठ्यानं वाचत होते आणि त्यांची बायको हिराबाई समोर शेंगा फोडत बसली होती. मी अंगणात उभा आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पानशांचा मजकूर चालला होता, शाळेत मुलांना मारावं की नाही यावर.

"थांबा वाईच," हिराबाई म्हणाल्या. "मार खाल्लेलं प्वार गुरुजीला भितं आसं म्हणत्यात न्हवं ते? त्यास्नी लिवा, त्ये गुरुजीला न्हाई भीत, पुस्तकाला भितं. गुरुजी बदलून जातोय, पुस्तक ऱ्हातंय."

शिंगटे ते शब्द पुटपुटत लिहू लागले. मग त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. "आवं, या की सर," म्हणाले. जराही ओशाळले नाहीत. हिराबाईंनी गूळ-पाणी दिलं आणि आत गेल्या.

"हे सगळं त्या सांगतात?" मी विचारलं.

"समदं न्हाई. पण लय. आडव्या वहीचं तिचंच हाय. तिला वाचाया येतं थोडं, लिवाया न्हाई. मी आपला निरोप्या."

कराडला परतताना मी बसमध्ये जवळजवळ आनंदात होतो. म्हणजे ज्याचा मी हेवा करत होतो त्यातलं निम्मं त्यांचं नव्हतंच. हे कुमुदताईंना कसं कळवावं याचा मी विचार करत होतो. पण पुढच्या फेरीत शिंगट्यांनी स्वतःच ते लिहून टाकलं. आपल्या नावावर जे छापल्यासारखं जातंय त्यात बायकोचा वाटा आहे, तेव्हा तिचं नाव खाली घालावं का, आणि आपापल्या घरातल्या बायकांनाही वहीत लिहू द्यावं का, असा प्रश्न त्यांनी मांडला. त्या मजकुरात एक वाक्य होतं. ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे.

"बायकांच्या हातात वही गेली की वहीत संसार शिरणार, आणि तो शिरल्याशिवाय ही वही आपल्याला खरं काही सांगणार नाही."

या मजकुरावर पहिली वही संपली. ती माझ्याकडे कपाटात राहिली आणि नवी वही मी सुरू केली. जुन्यातला चालू विषय नव्या वहीत थोडक्यात मांडून देणं हे माझं काम होतं. मी कुंडलच्या पद्धतीनं शिंगट्यांचं वाक्य काळ्या शाईत उतरवायला घेतलं. "बायकांच्या हातात वही गेली की वहीत संसार शिरणार" इथवर आलो. पुढं स्वल्पविराम होता. मी पूर्णविराम दिला. बोटभर जागा सोडली आणि खाली लिहिलं की श्री. शिंगटे यांनी स्वतःच ही धोक्याची सूचना दिली आहे, तिचा सभासदांनी विचार करावा.

घाईत झालं असं मी स्वतःला सांगितलं. घाई कसलीही नव्हती. रविवार होता.

जुनी वही माझ्या कपाटात. ताडून बघायला कुणाकडे काही नव्हतं. साताऱ्यात पानशांनी ते वाक्य उतरवून लिहिलं की प्रश्न मांडणाऱ्याचंच मत विरुद्ध दिसतं, तेव्हा विषय इथंच थांबवावा. आष्ट्याहून डॉक्टरांनी लिहिलं, "शिंगट्यांकडून ही अपेक्षा नव्हती." कुमुदताईंनी काहीच लिहिलं नाही. हिरवी शाई त्या फेरीत नव्हतीच. मग वही कुंडलला गेली आणि तिथून माझ्याकडे आली. शिंगट्यांच्या पानावर फक्त तारीख आणि सही.

दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. "सर, माझं वाक्य नव्या वहीत अर्धं आलं आहे. उतरवताना राहिलं असेल. उरलेलं खाली देतो. वहीत घालायचं की नाही ते आपण ठरवावं. हिराला मी अजून वाचून दाखवलेलं नाही. संपलं."

शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांच्या घरात वही आली होती आणि त्यांनी ती बायकोपासून लपवली होती. कार्ड मी पुस्तकात ठेवलं आणि पुढच्या फेरीत काहीच घातलं नाही.

त्या हिवाळ्यात सांगलीत सभासदांची बैठक ठरली. कुमुदताईंच्या शाळेत, रविवारी सकाळी. बाकांवर आम्ही सगळे, मध्ये टेबल, प्रत्येकासमोर कागदावर भडंग आणि चहाचा कप. शिंगटे शेवटच्या बाकावर, पाठ ताठ. पानशांनी कामकाज हाती घेतलं. घरच्या बायकांना वहीत घेण्याचा प्रश्न आला तेव्हा कुमुदताई म्हणाल्या, "थांबा. मला शिंगट्यांना विचारायचंय. शिंगटे, ते वाक्य तुम्ही लिहिलंत?"

शिंगट्यांनी कान वळवला. "व्हय ताई. माझंच हाय."

"एवढंच होतं?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "जुनी वही सरांच्याकडं आसती," म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुनी वही माझ्या पिशवीत, माझ्या पायाशी होती. कुणी विचारलं तर दाखवू, असं ठरवून मी ती आणली होती. आता विचारलं होतं.

"मी ती आणलेली नाही," मी म्हणालो.

"मग राहू दे," पानशे म्हणाले. हात वर करून मतं घेतली. कुमुदताई एकट्या बाजूनं; प्रश्न मांडणाराच विरुद्ध दिसतो म्हणून डॉक्टरांनीही हात आवरला. शिंगट्यांनी हात वर केला नाही, खालीही घट्ट धरला नाही, बाकावर पालथा ठेवला होता. प्रश्न निकालात निघाला. "बरं," शिंगटे म्हणाले आणि उरलेल्या भडंगाची पुडी बांधून खिशात घातली. घरी न्यायला असेल.

जाताना कुमुदताई मला पायऱ्यांवर म्हणाल्या, "शिंगटे असं वाक्य तोडत नाहीत. त्यांचं वाक्य नेहमी वळतं. हे वळण्याआधीच थांबलंय." त्यांनी आरोप केला नाही. त्यांना शिंगट्यांच्या वाक्याची चाल ठाऊक होती, इतकंच. मला खोटं पकडलं गेल्याची लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवाच, की माझ्या वाक्याची चाल या बाईंना अशी ओळखता येईल का.

पुढची फेरी सुरू करायची वेळ आली तेव्हा मी तीन दिवस वही उघडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी बसलो. शिंगट्यांचं वाक्य काळ्या शाईत पूर्ण उतरवलं, स्वल्पविरामासकट. जागा सोडली. खाली लिहिलं, "मागील वेळी येथे पूर्णविराम मी दिला. चुकून नव्हे. सांगलीच्या बैठकीत जुनी वही माझ्या पिशवीत होती." कच्च्या कागदावर आणखी सारवासारव करणारे दोन परिच्छेद लिहिले होते, ते फाडून टाकले.

साताऱ्याहून पानशांनी लिहिलं की मतदान रद्द समजावं. डॉक्टरांनी लिहिलं, शिंगट्यांची माफी मागतो. आणि कुमुदताईंनी मला लिहिलं. हिरव्या शाईत दीड पान. जे वाचायला मी तीन वर्षं थांबलो होतो ते एकदाचं आलं आणि त्यातली एकही ओळ मी कुणाला दाखवू शकलो नाही. मी शिंगट्यांचं वाक्य तोडलं त्याहून, बैठकीत दोन मिनिटं त्यांच्याकडे बघत त्यांना तसंच बसू दिलं, याचा कुमुदताईंना जास्त राग होता. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. पण आनंद झाला असं म्हणवत नाही."

मग कुंडलचं पान. शिंगट्यांनी माझं वाक्य उतरवलं होतं, "चुकून नव्हे." जागा सोडली होती. आणि लिहिलं होतं:

"हे दोन शब्द लिहायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे. मी लष्करात असताना आमच्या ठाण्यावर एका जवानाच्या घरचा निरोप वायरलेसवर आला. खरखर फार होती. निरोप होता, आई वारलेली नाही, सुधारत आहे. त्याच्या गावाकडनं आधी कुणी उलटी बातमी कळवली होती, म्हणून घरच्यांनी धाडला होता. मला निम्मं ऐकू आलं. पुन्हा विचारायला पाहिजे होतं. जेवणाची वेळ झाली होती, विचारलं नाही. आई वारली, असं लिहून दिलं. त्यानं डोकं भादरलं. आठ दिवसांनी आईच्या अंगठ्याचा ठसा असलेलं पत्र आलं. तो मला काही बोलला नाही. त्याचे केस परत येईपर्यंत मी त्याच्यासमोर जेवायला बसलो नाही. खरखरीमुळं झालं असं मी साहेबाला सांगितलं होतं. भुकेमुळं झालं होतं. हे मी आजवर हिरालासुद्धा सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. संपलं."

त्याखाली, वेगळ्या अक्षरात, एकेक अक्षर कोरल्यासारखं: "हीरा शीगटे. आयकल."

पुढच्या फेरीत सगळ्यांनी त्यावर लिहिलं. पानशांनी दोन पानं, डॉक्टरांनी तीन. त्यांनी तर आपल्या हातून एका रोग्याच्या बाबतीत झालेली चूक लिहिली, जी त्यांनी कधीच कुणाला सांगितली नसावी. कुमुदताईंनी चार पानं लिहिली. माझ्या कबुलीवर पुन्हा एक शब्द कुणी लिहिला नाही. म्हणजे माझा गुन्हाही मला पुरता मिळाला नाही, तोही शिंगट्यांच्या गोष्टीखाली गेला. असा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला म्हणून मी स्वतःवर थुंकलोही. पण आला हे खरं.

पुढं बायका लिहू लागल्या. पानशांच्या सूनबाईंनी लिहिलं, माझ्या बायकोनंही एकदा लिहिलं, माझ्याबद्दल, आणि ते बरंचसं खरं होतं. हिराबाईंचं अक्षर फेरीगणिक सुधारत गेलं. वहीत संसार शिरला आणि ती आधीपेक्षा कितीतरी वाचनीय झाली. मी वाक्य तोडल्याची गोष्ट शिंगट्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. कराडला आले की कॉलेजात डोकावत, डावा कान माझ्याकडे करून माझं ऐकून घेत. त्यात बहिरेपणा किती आणि लक्ष किती याचा हिशेब करणं मी तोवर सोडून दिलं होतं.

वही आणखी अडीच-तीन वर्षं चालली. मग कुमुदताईंची बदली झाली, डॉक्टरांचा दवाखाना वाढला, एकदा वही आष्ट्यात पाच महिने पडून राहिली आणि तिथंच थांबली. मोडली असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर मी शिंगट्यांना एकदाच पाहिलं. परीक्षेच्या कामासाठी तासगावला निघालो होतो. कुंडलच्या अलीकडे उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता आणि बस उभी राहिली. खिडकीतून पाहिलं तर बांधावर शिंगटे बसलेले. शेजारी एक म्हातारा धनगर, घोंगडं खांद्यावर, पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला असावा. मेंढरं पलीकडे चरत होती. म्हातारा काहीतरी सांगत होता, हातवारे करून, मध्येच थांबून, पुन्हा मागून सुरुवात करून. शिंगट्यांच्या मांडीवर कागद होता, हातात पेन. पत्र सांगत असणार कुणाला तरी. शिंगट्यांनी अजून एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्याचं बोलणं पुरं व्हायची ते वाट बघत होते.

कंडक्टर म्हणाला, "अजून धा मिन्टं लागतील बघा." चार-पाच जण पाय मोकळे करायला उतरले. मीही उतरू शकलो असतो. बांध पंचवीस पावलांवर होता. मी बसून राहिलो आणि बघत राहिलो, आणि मला कळलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला शिंगट्यांचा हेवा वाटत नाहीये. मला त्या म्हाताऱ्याचा वाटत होता.